वाणीच्या रासायनिक संरक्षणाची उत्क्रांती : महागाव तालुक्यातील शेतशिवाराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : वाणी, हार्वेस्टमन, स्रावग्रंथी, बेंझोक्विनोन, हायड्रोजन सायनाइड, उत्क्रांती, पीकसंरक्षण

प्रस्तावना :-

मृग नक्षत्रातील पहिला दमदार पाऊस पडून गेला की पैनगंगेच्या खोऱ्यातील महागाव तालुक्याच्या काळ्या जमिनीतून दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी वर येतात. एक कपाशी-सोयाबीनचा कोंब आणि दुसरी वाणी. काळसर तपकिरी रंगाचा, दोरीसारखा लांबट व गोल, असंख्य पायांच्या लाटेवर संथपणे सरकणारा हा प्राणी धुऱ्यावर, शेणखताच्या ढिगाखाली, घराच्या ओट्यावर आणि शाळेच्या आवारातही या दिवसांत आढळतो. स्पर्श होताच तो नाण्यासारखे वेटोळे करतो, म्हणून काही भागांत त्यास ‘पैसा’ असेही म्हणतात. प्राणिशास्त्रात वाणीचा समावेश संधिपाद संघातील डिप्लोपोडा वर्गात होतो. ती कीटक नव्हे; कीटकांस सहा पाय असतात, तर वाणीच्या बहुतेक खंडांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. जगात तिच्या सुमारे बारा हजार जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे.

वाणीचे मुख्य अन्न म्हणजे कुजलेला पालापाचोळा. त्यामुळे पूर्वी शेतकरी तिच्याकडे फारसे लक्ष देत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र विदर्भातील शेतकऱ्यांकडून व कृषी विभागाकडून वाणीने उगवती रोपे कुरतडल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या आहेत. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, की ओलाव्याच्या शोधात असलेली वाणी कोवळ्या कोंबाकडे वळते. ओळीच्या ओळी मोडतात आणि दुबार पेरणीचा खर्च कुटुंबावर येतो. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात साहजिकच एक प्रश्न उद्भवतो. हा प्राणी इतका मंद आहे, दिवसाढवळ्या उघड्यावर फिरतो, त्यास गोमेसारखे विषदंत नाहीत की विंचवासारखी नांगी नाही; मग त्यास कोणी खाऊन का टाकत नाही ? या साध्या प्रश्नाचे उत्तर कोट्यवधी वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास उलगडणे व त्याचा शेतातील व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

स्रावाचे स्वरूप :-

वाणी हातात घेतल्यास थोड्याच वेळात बोटांवर पिवळसर द्रव दिसतो, नाकास झोंबणारा उग्र दर्प येतो आणि काही तासांनी त्या जागी तपकिरी ते काळा डाग पडतो. साबणाने कितीही धुतले तरी हा डाग अनेक दिवस जात नाही. सदर द्रव तोंडातून वा विष्ठेतून येत नाही. वाणीच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस, साधारणतः पाचव्या-सहाव्या खंडापासून पुढे, प्रत्येक खंडावर सूक्ष्म छिद्रांची एक जोडी असते. प्रत्येक छिद्राच्या आत पिशवीसारखी ग्रंथी असून तिच्या मुखाशी झडप असते. झडप उघडणारा स्नायू असतो, परंतु पिशवी पिळणारा स्नायू नसतो. शरीर आक्रसले की आतील दाबाने द्रव बाहेर येतो. ज्या खंडास धोका पोहोचला त्याच्या आसपासच्या ग्रंथी बहुधा प्रथम रित्या होतात. सर्व साठा एकदम खर्च केला जात नाही. उष्ण प्रदेशातील काही मोठ्या जाती हा द्रव काही अंतरावर फवारतातही.

या द्रवातील क्रियाशील घटक कोणता, याचा उलगडा १९०० साली फ्रान्समधील बेहाल व फिसॅलिक्स यांनी केला. युरोपातील एका वाणीच्या स्रावात त्यांना क्विनोन आढळले. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, ज्युलिडा, स्पायरोबोलिडा व स्पायरोस्ट्रेप्टिडा या तीनही दंडगोलाकार वाणींच्या गणांत बेंझोक्विनोने, विशेषतः मिथिल-बेंझोक्विनोन व मिथॉक्सी-मिथिल-बेंझोक्विनोन, ही प्रमुख संरक्षक रसायने आहेत. भारतीय द्वीपकल्पात विपुल असलेल्या मोठ्या, काळ्या-तपकिरी वाणी मुख्यतः स्पायरोस्ट्रेप्टिडा गणातील, तर ओलसर बागांत दिसणारी तांबूस रंगाची ट्रायगोनियुलस कोरॅलिनस ही स्पायरोबोलिडा गणातील आहे. क्विनोन प्रथिनांशी घट्ट बंध तयार करते. त्वचेवरील डाग हा त्याच बंधाचा परिणाम असल्यामुळे तो पाण्याने सुटत नाही. वरची त्वचा झडून गेल्यावरच नाहीसा होतो.

दुसरा प्रकार याहून अधिक विलक्षण आहे. चपट्या पाठीच्या वाणींचा पॉलिडेस्मिडा हा सर्वांत मोठा गण हायड्रोजन सायनाइड निर्माण करतो. १८८२ साली गुल्डेनश्टेडेन-एगेलिंग यांनी एका मिलिपीडमध्ये सायनाइड तयार होत असल्याची नोंद केली, तेव्हा प्राणी असे विष बनवू शकतो हीच गोष्ट नवी होती. या गणातील पॅराडॉक्सोसोमॅटिडे कुलातील स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनी ही जाती पश्चिम भारतातील अभ्यासकांस सुपरिचित आहे. आर. आय. पोकॉक यांनी १८९२ मध्ये तिचे वर्णन केले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तत्कालीन सचिव एच. एम. फिप्सन यांचे नाव तिला मिळाले आहे. व्ही. बेलेअर्स, आर. बेलेअर्स व एस. सी. गोयल यांनी १९८३ मध्ये तिचे जीवनचक्र व पिलांच्या झुंडी यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाळ्यात या पिलांच्या झुंडी उघड्यावर एकत्र सरकताना दिसतात. ज्याच्याजवळ लपण्याची गरज उरत नाही असे शस्त्र असते, त्यासच असे वर्तन परवडते.

सायनाइड साठवून ठेवणे अर्थातच धोक्याचे आहे. १९६३ साली थॉमस आयझनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ॲफेलोरिया या वाणीच्या ग्रंथीची रचना स्पष्ट केली. या ग्रंथीस दोन कप्पे असतात. मोठ्या कप्प्यात मँडेलोनायट्राइल हे तुलनेने निरुपद्रवी संयुग असते, तर बाहेरच्या लहान कप्प्यात त्याचे विघटन करणारे विकर असते. मधली झडप उघडली की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड व बेंझाल्डिहाइड बाहेर पडतात. कडू बदामासारखा वास येतो तो बेंझाल्डिहाइडचा. शेतकऱ्यास ही युक्ती अपरिचित नाही. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते याच तत्त्वामुळे. ज्वारीच्या पेशीत धुरिन हे संयुग व त्याचे विघटन करणारे विकर वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि जनावराने पान चावले की ते एकत्र येतात. येथे अभ्यासकांपुढे प्रश्न निर्माण झाला, की वनस्पती व वाणी यांनी ही युक्ती एकाच मुळातून घेतली काय ? २०१५ साली जपानमधील असानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाणीतील हे विकर शुद्ध स्वरूपात मिळविले. वनस्पतींमधील तशाच कार्याच्या विकरांशी त्याच्या रचनेचे साम्य नव्हते. युक्ती एकच, पण ती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडलेली आहे.

उत्क्रांतीचा क्रम :-

वाणी हा जमिनीवर आलेल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक होय. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या न्यूमोडेस्मस न्यूमनी या जीवाश्मात हवेतून श्वसन करण्यासाठी असलेली छिद्रे दिसतात. त्याचे वय प्रथम सुमारे ४२.८ कोटी वर्षे मानले गेले. नंतरच्या मापनात ते सुमारे ४१.४ कोटी वर्षांपर्यंत खाली आले. तरीही तो काळ डायनोसॉरांच्याच नव्हे, तर चतुष्पाद प्राण्यांच्याही आधीचा ठरतो. डिव्होनियन कालखंडातील काही वाणींच्या जीवाश्मांत शरीराच्या बाजूस स्रावछिद्रेही ओळखली गेली आहेत. जमिनीवर रासायनिक संरक्षणाचा अवलंब करणाऱ्या पहिल्या प्राण्यांत वाणीची गणना होते ती यामुळेच.

परंतु सर्वच वाणींजवळ हे शस्त्र नाही, आणि उत्क्रांतीच्या दृष्टीने हीच बाब विशेष बोलकी आहे. पॉलिझेनिडा गणातील काही मिलिमीटर लांबीच्या वाणींस ना कठीण कवच आहे, ना स्रावग्रंथी. त्यांच्या शेपटाशी आकडेदार केसांचे झुबके असतात. मुंगीने हल्ला केला की हे केस सुटून तिच्या तोंडात व पायांत गुंततात आणि ती निकामी होते. पश्चिम घाटातील आर्थ्रोस्फेरा या मोठ्या वाणी तर रसायनाशिवायच निभावून नेतात. स्पर्श होताच त्या सुपारीएवढी वा त्याहून मोठी गुळगुळीत गोळी बनतात व कठीण कवचाच्या आत सर्व नाजूक भाग सुरक्षित ठेवतात. त्यांच्या स्फेरोथेरिडा गणात संरक्षक स्रावग्रंथी नाहीतच. मात्र त्यांच्या नातलग ग्लोमेरिडा गणातील युरोपीय वाणी गोळीही बनतात आणि पाठीच्या मध्यरेषेवरून चिकट स्रावही सोडतात. त्या स्रावात ग्लोमेरिन व होमोग्लोमेरिन ही क्विनाझोलिनोने असतात. कॅरेल व आयझनर यांनी १९८४ साली दाखविले की, अशी वाणी खाणारा लांडगा-कोळी मरत नाही, तर दीर्घकाळ गुंगीत जातो. उघड्या जंगलात गुंगी आलेल्या कोळ्याचे काय होत असेल, हे सांगावयास नको.

यापुढच्या शाखांत ग्रंथी पाठीवरून दोन्ही बाजूंस येतात. पॉलिझोनिडा गणात टर्पीनसदृश अल्कलॉइडे, कॅलिपोडिडा गणात क्रेसॉल व फिनॉल, दंडगोलाकार गणांत बेंझोक्विनोने आणि पॉलिडेस्मिडा गणात सायनाइड अशी मांडणी दिसते. पॉलिडेस्मिडातील काही जातींच्या सायनाइडयुक्त स्रावात फिनॉलेही आढळतात. नवी वाट सापडली म्हणून जुनी सोडून दिली, असे तेथे घडलेले नाही. रॉड्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली वाणींच्या मोठ्या जनुकीय माहितीसाठ्यावरून वंशवृक्ष तयार करून त्यावर ही रसायने मांडली. काळाच्या ओघात रासायनिक गुंतागुंत पायरीपायरीने वाढत गेली आणि परस्परांपासून दूरच्या तीन शाखांत ती स्वतंत्रपणे शिगेस पोहोचली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पायरी हा शब्द येथे जरा जपून घ्यावा लागतो. खालच्या पायरीवरील आर्थ्रोस्फेरा आजही पश्चिम घाटात सुखेनैव नांदत आहे. केवळ कवचाच्या बळावर टिकलेला प्राणी मागासलेला ठरत नाही.

हार्वेस्टमन : एक समांतर कथा :-

वाणीच्या या इतिहासाचा अर्थ नीट लावावयाचा असेल तर दुसऱ्या एका प्राणिगटाशी तुलना उपयुक्त ठरते. ओपिलिओनीस गणातील हार्वेस्टमन हे अष्टपाद प्राणी पाहताक्षणी कोळ्यासारखे वाटतात, पण ते कोळी नव्हेत. त्यांचे शरीर मध्ये आवळलेले नसते, त्यांच्याजवळ विष नसते व ते जाळेही विणत नाहीत. जगात त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती ज्ञात असून भारतातील दमट जंगलांतही ते आढळतात. वाणीच्या अंगावर ग्रंथींच्या कित्येक जोड्या असतात. हार्वेस्टमनास मात्र एकच जोडी, शरीराच्या पुढील भागाच्या दोन्ही कडांस, असते. ती संपूर्ण गणाचे लक्षण मानली जाते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील खडकांतून मिळालेला इओफॅलँजियम हा त्यांचा सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज आजच्या हार्वेस्टमनापासून फारसा निराळा दिसत नाही.

ऑस्ट्रियातील ग्युंथर रास्पोटनिग यांच्या दीर्घ संशोधनामुळे या गणाच्या रसायनांचा नकाशा बराचसा स्पष्ट झाला आहे. सायफोफ्थाल्मी या प्राचीन उपगणात नॅप्थोक्विनोने व मिथिल कीटोने आढळतात, युप्नॉय उपगणात नॅप्थोक्विनोने व साखळीबद्ध कीटोने, तर लॅनिएटोरीस या मोठ्या उपगणातील अनेक कुलांत फिनॉले व बेंझोक्विनोने. म्हणजे वाणीच्या बाबतीत जो फिनॉल-क्विनोनचा जोड दिसतो, तोच एका पूर्णतः वेगळ्या वंशात पुन्हा दिसतो. हार्वेस्टमन व वाणी यांचा समान पूर्वज समुद्रात राहत होता. त्यांच्या ग्रंथी एकाच मूळ अवयवापासून आलेल्या नाहीत.

शस्त्र वापरण्याची रीतही निराळी आहे. आयझनर यांनी १९७१ मध्ये व्होनोनीस या अमेरिकी हार्वेस्टमनाचे वर्तन वर्णिले. तो ग्रंथीतील क्विनोन तोंडातून काढलेल्या द्रवात मिसळतो, पायाचे टोक त्यात बुडवितो आणि हल्ला करणाऱ्या मुंगीच्या अंगावर ते लावतो. वाणी अंगावर स्राव पाझरू देते, हार्वेस्टमन तो हाताने लावल्यासारखा लावतो. ग्रंथींची संख्या कमी असलेल्या प्राण्याने काटकसर शिकावी, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या स्रावाचा उपयोग खरोखर किती होतो, याची परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. ग्लाउको माचादो व सहकाऱ्यांनी २००५ साली गोनिओसोमा लाँगिपीस या हार्वेस्टमनाचे बेंझोक्विनोन विविध भक्षकांवर आजमावले. सात जातींच्या मुंग्या, दोन जातींचे मोठे कोळी व एक बेडूक मागे हटले; ओपॉसम या सस्तन प्राण्यावर मात्र परिणाम झाला नाही. त्यानंतर २०११ मध्ये सोझा व विल्लेमार्ट यांनी डिस्कोसिर्टस इन्व्हॅलिडस या दुसऱ्या हार्वेस्टमनावर प्रयोग केले, तेव्हा कोळ्यापासून त्याचा बचाव स्रावामुळे नव्हे, तर कठीण कवचामुळे होतो असे आढळले. ग्रंथी आहे, स्राव आहे, दर्प आहे, म्हणून प्रत्येक शत्रूपासून संरक्षण तेच करते, असे गृहीत धरता येत नाही. पाठ्यपुस्तकांतून ‘दुर्गंधी स्रावामुळे भक्षक जवळ येत नाहीत’ असे एक वाक्य सरसकट लिहिले जाते. त्या वाक्यात कोणता भक्षक, हे सांगितलेले नसते.

एकच रसायन, अनेक वाटा :-

बेंझोक्विनोन या एकाच रसायनाकडे इतके प्राणी का वळले असावेत ? याचे उदाहरण शोधण्यासाठी जंगलात जाण्याचीही आवश्यकता नाही. साठवणीच्या पिठात होणारा तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हाही बेंझोक्विनोन सोडतो. किडलेल्या पिठास येणारा उग्र वास व गुलाबीसर छटा ही त्याचीच देणगी होय. बॉम्बार्डिअर भुंगेरा तर हायड्रोक्विनोन व हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आणून सुमारे १०० अंश सेल्सिअस तापमानाचा क्विनोनचा फवारा उडवितो.

एक स्पष्टीकरण असे दिले जाते की, संधिपाद प्राण्यांस क्विनोनचे रसायनशास्त्र मुळातच अवगत आहे. कात टाकल्यावर मऊ असलेले त्यांचे कवच कठीण होते ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनणाऱ्या क्विनोनसदृश संयुगांमुळे. कवचातील प्रथिने ज्या बंधांनी जोडली जातात, तशाच प्रकारच्या बंधाने शेतकऱ्याच्या बोटावर डाग पडतो. आणि स्रावग्रंथी ही शरीराच्या बाह्य आवरणाचीच आत वळलेली घडी असते. ज्या पेशी कवच घडवीत होत्या त्यांच्याच वंशजांनी पुढे शस्त्र घडविले, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु ती पूर्णतः पुरेशी नाही. माइनवाल्ड, आयझनर व सहकाऱ्यांनी १९६६ साली इलिओडीस या भुंगेऱ्यात दाखवून दिले की, साधे बेंझोक्विनोन टायरोसिनसारख्या सुगंधी अमिनो आम्लांपासून बनते, तर त्याच ग्रंथीतील मिथिल व एथिल क्विनोने ॲसिटेट व प्रोपिओनेट या लहान तुकड्यांपासून बनतात. हार्वेस्टमनातही २०१३ साली मॅग्निस्पायना या ब्राझिली प्रजातीवर झालेल्या प्रयोगात ॲसिटेट-प्रोपिओनेटचीच वाट सापडली. तेव्हा कवचाची वाट हे या इतिहासाचे एक दार आहे. दुसरे दार मेदाम्लांच्या निर्मितीशी नाते सांगणाऱ्या रसायनक्रियांतून उघडते. उत्क्रांती नवे कारखाने क्वचितच उभारते. चालू असलेल्या कारखान्यास एखादी नवी खोली जोडणे तिला सोपे जाते.

या स्रावाचा मूळ उपयोग कोणता, हा प्रश्न याहून वादग्रस्त आहे. उरुग्वेमधील एस्तॅब्ले व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या फीझर यांच्यासमवेत १९५५ साली एका हार्वेस्टमनाच्या स्रावाचे विश्लेषण करून त्यास ‘गोनिलेप्टिडीन’ हे नाव दिले, तेव्हा त्यांचे लक्ष भक्षकांकडे नव्हते. ते प्रतिजैविक शोधत होते आणि स्रावात जंतुनाशक गुण होताही. पुढे २०१३ मध्ये तांबड्या भुंगेऱ्यातील क्विनोननिर्मितीस आवश्यक असलेली जनुके निकामी करून पाहण्यात आली, तेव्हा अशा भुंगेऱ्यांच्या स्रावाची सूक्ष्मजीवरोधक शक्ती लोपली. यावरून काही अभ्यासकांस वाटते की, दमट मातीत, बुरशीच्या सान्निध्यात राहणाऱ्या प्राण्यांनी हे स्राव प्रथम रोगजंतूंविरुद्ध वापरले व भक्षकांविरुद्ध नंतर. हा तर्क विचारार्ह आहे, परंतु सिद्ध झालेला नाही. क्विनोन हे प्रथिनांवर आघात करणारे रसायन असल्यामुळे ते जिवाणू, बुरशी, मुंगी व बेडूक या सर्वांवर परिणाम करणारच. आज एखादी गोष्ट दोन कामे करते, एवढ्यावरून त्यांतील पहिले काम कोणते, हे ठरत नाही. जीवाश्मात छिद्र उरते, रसायन उरत नाही. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आजच्या जातींच्या तुलनेतूनच काढावे लागते.

शस्त्र निकामी करणारे शत्रू :-

कोणतेही शस्त्र कायमचे अजिंक्य राहत नाही. फ्लोरिडातील फेंगोडीस या प्रकाशमान भुंगेऱ्याची अळी वाणीच्या पुढच्या भागास विळखा घालते, डोक्याच्या मागे खालच्या बाजूस चावा घेते व पाचक द्रव आत सोडते. वाणी लुळी पडते आणि तिला ग्रंथी रित्या करण्याची संधीच मिळत नाही. अळी आतील मांस खाऊन टाकते. कवचाची वलये भरलेल्या ग्रंथींसह मागे उरतात. पेरूमधील डेल्टोकिलम व्हॅल्गम हा शेणकिड्यांच्या कुळातील भुंगेरा शेण सोडून वाणीची शिकार करू लागला आहे. व्हेनेझुएलातील कॅपुचिन माकडे तर पावसाळ्यात मोठ्या वाणी पकडून त्यांचा स्राव अंगाच्या केसांत चोळतात. बेंझोक्विनोनामुळे डास दूर राहतात असे प्रयोगांत दिसून आले आहे. जे रसायन एकासाठी विष, तेच दुसऱ्यासाठी औषध ठरले.

भारतीय शेताच्या दृष्टीने महत्त्वाचा शत्रू म्हणजे एक्ट्रिकोडिनी उपकुलातील मारेकरी ढेकूण. हे किडे जवळजवळ केवळ वाणींवरच जगतात. दक्षिण भारतातील हिमॅटोऱ्होफस नायग्रोव्हायोलेशियस ही त्यांतील अभ्यासली गेलेली जाती. वाणीच्या खंडांमधील मऊ पडद्यात सोंड खुपसून तो तिला लुळी करतो. असे किडे दगडांखाली, पालापाचोळ्यात, धुऱ्यावरील झुडपांच्या आडोशाने राहतात. धुरा साफ जाळला गेला आणि शेतात व्यापक परिणामाचे कीटकनाशक फवारले गेले, तर वाणीआधी हेच किडे नाहीसे होण्याचा संभव अधिक. वाणी जमिनीत, ढेकळांखाली शिरून फवाऱ्यापासून बरीचशी सुटते. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीचा प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत या जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा जिल्ह्यात रोपे कुरतडणाऱ्या प्राण्यावर आणखी एक फवारा, हा सल्ला देण्यापूर्वी त्या प्राण्याची दुर्बलता कोठे आहे ते पाहणे अगत्याचे ठरते.

ही दुर्बलता पाण्यात आहे. वाणीच्या कवचावर कीटकांसारखा परिणामकारक मेणाचा थर नसतो; कोरड्या हवेत तिच्या शरीरातील पाणी वेगाने कमी होते. चाळीस कोटी वर्षांत तिने भक्षकांविरुद्ध क्विनोन व सायनाइडची योजना केली, पण उन्हाविरुद्ध ती आजही ओलाव्याच्या आडोशावरच अवलंबून आहे. म्हणूनच ती रात्री बाहेर पडते, पावसानंतर वर येते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताच्या ढिगास धरून राहते. न कुजलेले खत शेतात टाकले व पऱ्हाट्या आणि काडीकचरा बांधालगत तसाच राहिला, की तिला अन्न व ओलावा दोन्ही एकत्र मिळतात. त्यानंतर पाऊस खंडला की कोवळे रोप हाच उरलेला ओलावा असतो. पूर्ण कुजलेले खत वापरणे, पेरणीपूर्वी कचऱ्याची विल्हेवाट लावणे, संध्याकाळी शेतात ओल्या गवताचे लहान ढीग ठेवून सकाळी त्यांखाली जमलेल्या वाणी गोळा करणे व त्या साबणाच्या पाण्यात टाकणे, हे उपाय तिच्या याच गरजेवर बेतलेले आहेत. त्यांस मजुरी लागते, ही खरी अडचण आहे. परंतु ज्या शेतात वाणीचा जोर पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यापुरताच असतो, तेथे ती मजुरी दुबार पेरणीच्या बियाण्यापेक्षा पुष्कळ कमी पडते.

वाणी गोळा करण्याचे हे काम बहुधा स्त्रिया व मुलांवर येते आणि ते उघड्या हातांनी केले जाते. सकाळी ढिगाखाली सापडलेल्या शेकडो वाणी एका बादलीत टाकल्या की प्रत्येकीच्या ग्रंथी रित्या होतात व बादलीत तीव्र दर्प कोंडतो. बोटांवर उमटणारे काळे डाग पाहून कधी कधी त्वचेस सड लागल्याची भीती घेतली जाते. हे डाग क्विनोनचे असून त्वचेबरोबर निघून जातात. फोड आले किंवा आग होत राहिली तर मात्र वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. डोळ्याची गोष्ट वेगळी आहे. स्राव लागलेल्या हाताने डोळा चोळला गेला तर डोळ्याच्या पारदर्शक पटलास इजा होऊ शकते. अशा वेळी डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरांकडे जावे लागते. रबरी हातमोजे अथवा चिमटा, नाकातोंडावर फडके, झाकण असलेली बादली आणि काम संपेपर्यंत तोंडाला हात न लावणे, एवढी खबरदारी या कामास पुरेशी आहे.